तार कुणाची, भिंत कुणाची

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर घर रंगवायला काढले. बैठकीच्या खोलीतली चित्रे उतरली, कॅलेंडरे उतरली, खिळे उपटून झाले आणि खिडकीशेजारी, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक चौकोनी डबी तेवढी उरली. चार बोटे लांब, चार बोटे रुंद, एके काळी पांढरी आणि आता हळदीच्या पाण्यासारखी पिवळी. तिच्यातून एक जोडतार निघते, भिंतीच्या कडेने वर जाते आणि चौकटीच्या कोपऱ्यातल्या भोकातून बाहेर पडते. बाहेर ती कशालाच जोडलेली नाही. रंगाऱ्याने हात थांबवून विचारले, “इदन्न तेगीलेन्री?” हे काढू का, म्हणून. मी “ब्याडा” म्हणून मोकळा झालो. का नको, ते मात्र त्याला सांगता आले नाही. जे तेव्हा सांगता आले नाही ते आता सविस्तर लिहितो आहे.

टपाल-तार खात्याच्या बोलीत या डबीला रोझेट म्हणत. रोझेट म्हणजे खरे तर गुलाबाच्या आकाराची नक्षी. जुनी रोझेटे गोल असत, काळ्या बेकलाइटची. त्यावरून हे नाव कसे पडले असेल ते ध्यानात येते. नंतर ती चौकोनी झाली, पांढरी झाली, पण नाव राहिले. टेलिफोनचा इतिहास लिहिणारे बहुधा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलपासून सुरुवात करतात आणि उपग्रहापर्यंत जाऊन पोचतात. या डबीपाशी कुणी थांबत नाही. आणि ‘ही तार कुणाची?’ हे टेलिफोनच्या इतिहासातले सगळ्यात चिवट भांडण तर या डबीपाशीच झाले आहे. आपण सीमाभागातली माणसे. रेघ कुठून जाते, अलीकडचे कुणाचे आणि पलीकडचे कुणाचे, या प्रश्नाची आपल्याला सवय आहे.

बेलला अमेरिकेत पेटंट मिळाले ते ७ मार्च १८७६ रोजी. सुरुवातीचे टेलिफोन तारायंत्राच्या धाटणीवर चालत, म्हणजे तार एकच आणि परतीची वाट जमिनीतून. शहरांतून विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्या आणि या जमिनीच्या वाटेतून फोनमध्ये असा काही घोंगावणारा आवाज यायला लागला की बोलणे ऐकू येईना. मग परतीसाठी दुसरी तार आली. दोन तारा शेजारून सरळ नेल्या तर शेजारच्या जोडीतले बोलणे त्यांत झिरपते. एकमेकींना पीळ घालून नेल्या तर एकीत शिरलेला उपद्रव दुसरीतल्या उपद्रवाने पुसला जातो. ही पिळाची युक्तीही बेलचीच, १८८१ सालची. माझ्या भिंतीवरच्या तारेला जो पीळ आहे तो दिसायला सुबक म्हणून घातलेला नाही.

आपल्या देशात टेलिफोन आला तो फार उशिरा नाही. १८८१ साली इंग्लंडच्या ओरिएंटल टेलिफोन कंपनीला परवाना मिळाला आणि २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील टेलिफोन सेवेचे रीतसर उद्घाटन झाले. तार कंपनीची, खांब कंपनीचे, घरात भिंतीला टांगलेली लाकडी पेटीही कंपनीची. गिऱ्हाईक भाडे भरी आणि बोले. १८८५ च्या तार कायद्याने तारायंत्राबरोबर टेलिफोनवरचा अधिकारही सरकारच्या हाती ठेवला. कंपन्या सरकारच्या परवान्याने चालत. पुढे १९४३ साली सरकारने मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या टेलिफोन कंपन्याही ताब्यात घेतल्या. म्हणजे स्वातंत्र्य येण्याआधीच घराघरांतली (घरे थोडीच होती) ही तार सरकारी झाली होती. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात मिळून सुमारे ८० हजार टेलिफोन होते. आज एखाद्या तालुक्यात याहून जास्त मोबाइल निघतील.

भिंतीवरच्या त्या लाकडी पेटीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण आमच्या पिढीतल्या काहींनी ती लहानपणी पाहिली आहे. पेटीला बाजूने एक दांडा. तो गरागरा फिरवला की आतल्या लोहचुंबकाच्या यंत्रातून वीज निघे आणि एक्स्चेंजमधल्या फळ्यावर आपल्या नावाची झडप पडे. बोलण्यासाठी लागणारी वीज मात्र पेटीतल्या बॅटरीतून येई, म्हणजे प्रत्येक घरात बॅटरी आणि ती उतरली की माणूस येऊन बदलणार. १८९० नंतरच्या दशकात अमेरिकेत यावर तोड निघाली. घरोघरच्या बॅटऱ्या काढून टाकल्या आणि एकच मोठी बॅटरी एक्स्चेंजमध्ये बसवली. लहान गावांत दांड्याची पेटी पुढे कित्येक वर्षे टिकली, पण शहरांत ती गेली. आणि तेव्हापासून फोनच्या तारेबरोबर वीजही घरात येऊ लागली, ४८ ते ५० व्होल्टची. तीही उणे बाजूने, म्हणजे बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडून. कारण उलटे केले तर ओलसर जागी तांब्याची तार झिजत जाते.

या एका बदलाचा अर्थ बेळगावकराला वेगळा समजावून सांगायला नको. आषाढात तीन तीन दिवस झड लागते, कुठे तरी फांदी पडते, लाइट जाते आणि गल्ली अंधारात बुडते. अशा रात्री काळा फोन कानाला लावला की डायल टोन येई. घरातली वीज गेली तरी तारेतली वीज जात नसे, कारण ती आपल्या घरची नव्हतीच. दूर एक्स्चेंजच्या खोलीत ओळीने मांडलेल्या शिशाच्या बॅटऱ्यांमधून ती येई.

आता सीमेची गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. शाळांचे खाते बदलले, महसुलाचे खाते बदलले, कचेरीतल्या पाट्या हळूहळू बदलल्या. टेलिफोन मात्र राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या यादीत आहे, एकतिसाव्या क्रमांकावर, टपाल-तारेच्या सोबत. म्हणून ज्या जिल्ह्यातल्या कित्येक गावांवर दोन राज्ये हक्क सांगत होती, त्या जिल्ह्यातल्या घराच्या भिंतीवरची ही तार बंगळूरचीही नव्हती आणि मुंबईचीही नव्हती. ती दिल्लीची होती. यावर कुणी मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही.

भाषेचा प्रश्न मात्र तिथेही आलाच. मराठीने टेलिफोनला दूरध्वनी म्हटले, कन्नडने दूरवाणी, हिंदीने दूरभाष. तिन्ही शब्द संस्कृतच्या एकाच पेढीवरून घेतलेले आणि तरी तीन वेगळे. बोलताना तिन्हीकडची माणसे फोनच म्हणत. आमच्याकडे घंटी वाजली की आजी रिसीव्हर उचलून आधी “हॅलो, यारू?” म्हणे आणि पलीकडून मराठी आवाज आला की त्याच दमात “कोण बोलतंय?” दोन्ही प्रश्न एकाच वाक्यासारखे येत. ट्रंक कॉल लावून देणाऱ्या बायका तर याहून पुढे गेलेल्या. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉलचे तीन वर्ग होते. लाइटनिंगला साध्या कॉलच्या आठपट पैसे. निपाणीचा तंबाखूचा भाव, गोव्याला निघालेल्या बेळगावच्या भाजीच्या गाड्या आणि कोल्हापूरच्या दवाखान्यातल्या माणसाची तब्येत, सगळे त्या तीन मिनिटांच्या तुकड्यांत बसवायचे. “थ्री मिनिट्स ओव्हर” हे शब्द ऐकले की अजूनही माझी जीभ जलद चालू लागते.

१९८९ साली आमचा नंबर लागला. तोवर शेजारच्या वकिलांचा फोन हाच आमचा फोन होता. बहिणीच्या लग्नपत्रिकेवर त्यांचा नंबर छापून पुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरे होती. आता आपल्या घरी स्वतःची तार येणार म्हणून वडील सकाळपासून दाराशी उभे. लाइनमन आले ते सायकलीवरून, खांद्यावर तारेचे वेटोळे, कमरेला पट्टा आणि हातात घुबडाच्या तोंडासारखा एक टेस्ट फोन. त्या दिवशी मी शाळेत रजा टाकली होती, म्हणून त्यांचे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायला मिळाले. ते असे.

एक्स्चेंजमधून जमिनीखालून निघालेली जाड केबल रस्त्याच्या कडेच्या लोखंडी कपाटात येते. तिथून लहान केबल गल्लीच्या खांबावरच्या डबीत. या डबीला डीपी म्हणतात. तिच्यात रंगांच्या जोड्या असतात; पहिली जोडी पांढरी-निळी, मग पांढरी-नारिंगी, पांढरी-हिरवी, अशा क्रमाने. आमच्या वाट्याला आलेली जोडी त्यांनी शोधली, टेस्ट फोनचे चिमटे लावले आणि एक्स्चेंजमधल्या माणसाशी कन्नडमध्ये काही बोलून मान डोलावली. मग खांबावरून आमच्या वळचणीपर्यंत तार ओढली. भिंतीला भोक पाडताना त्यांनी छिन्नी तिरकी धरली, बाहेरचे तोंड खाली आणि आतले वर. वडिलांनी विचारले तेव्हा म्हणाले, “पाऊस आत यायला नको मास्तर. पाण्याला चढ चढता येत नाही.” भोकात शिरण्याआधी तारेला त्यांनी खाली एक झोळ दिला. तारेवरून ओघळणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन टपकते, घरात येत नाही. माझ्या घराच्या छपराची कौले पुढे तीनदा बदलावी लागली, पण त्या भोकातून एक थेंब कधी आत आला नाही.

आत आल्यावर प्रश्न पडला, रोझेट कुठे बसवायचे? आईचे म्हणणे स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणजे घंटी ऐकू येईल. वडिलांचे म्हणणे बैठकीत, म्हणजे आल्यागेल्याला दिसेल. वडील जिंकले. पण विजेच्या बटणांच्या फळीशेजारी बसवायला लाइनमनांनी साफ नकार दिला आणि विजेच्या तारेपासून हात-दीड हात अंतर ठेवून खिडकीकडची जागा नक्की केली. दोन्ही तारा शेजारी नेल्या तर फोनमध्ये गुणगुण येते आणि चुकून विजेची तार फोनच्या तारेला लागली तर रिसीव्हर धरणाऱ्याच्या जिवावर बेतते. भिंतीत दोन लाकडी गिट्ट्या ठोकल्या, त्यांवर डबीचा तळ स्क्रूने आवळला. तारेची टोके सोलून ब्लेडने खरवडून चकचकीत केली आणि स्क्रूभोवती गुंडाळली, तीही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. उलटी गुंडाळली तर स्क्रू आवळताना तार बाहेर ढकलली जाते. सुलटी गुंडाळली तर आत ओढली जाते. एवढीशी गोष्ट, पण घरचे प्लग दुरुस्त करताना मी ती पुढे कधी विसरलो नाही. शेवटी फोनची दोरी जोडली, झाकण लावले आणि एक्स्चेंजला घंटी द्यायला सांगितले. फोन वाजला. आईने देवापुढे साखर ठेवली. लाइनमनांनी हसून बोटे दाखवली. काम चालू असताना मध्येच कुणी घंटी दिली तर उघड्या तारेतून ७५ व्होल्टचा झटका बसतो, आणि तो त्यांना हजारदा बसला होता.

जाताना त्यांनी वडिलांना एक सांगितले, ते महत्त्वाचे. “झाकण उघडायचं नाही. ही वायर खात्याची.” वडिलांनी मान हलवली. भिंत आमची, चुना आमचा, गिट्टी ज्या विटेत ठोकली ती वीट आजोबांनी आणलेली, पण झाकणाच्या आतले सरकारचे. फोनसुद्धा सरकारचा, आपण भाडेकरी. स्वयंपाकघरात दुसरा फोन हवा असेल तर वेगळा अर्ज, वेगळे भाडे. मग लोक काय करत ते वाचकांना ठाऊक आहे. बाजारात चार रुपयांची तार मिळे आणि इस्त्रीवाल्यापासून रेडिओ दुरुस्त करणाऱ्यापर्यंत कुणीही तिचे एक टोक रोझेटच्या स्क्रूत अडकवून देई. तपासणीला कुणी येणार अशी कुणकुण लागली की ती तार गादीखाली जाई. अशा चोरट्या फोनांनी घंटी क्षीण होई, कारण एक्स्चेंजमधून येणारा घंटीचा प्रवाह दोन-तीन घंट्या वाजवण्यापुरताच असतो. शिवाय आतल्या खोलीतला फोन कुणी अलगद उचलला तर बाहेरच्या बोलणाऱ्याचा आवाज किंचित खाली जाई. किती घरांतल्या किती सुनांनी त्या उतरलेल्या आवाजावरून सासूबाई ऐकताहेत हे ओळखले असेल!

दुसरी पळवाट डायलच्या कुलपाची. बिल वाढू नये म्हणून वडीलमाणसे डायलच्या भोकात छोटे पितळी कुलूप लावत. पण डायल करते ते इतकेच, की तारेतला प्रवाह सेकंदाला दहा या वेगाने तोडते. पाचसाठी पाचदा, शून्यासाठी दहादा. रिसीव्हर ठेवायची खुंटी बोटाने तितक्याच वेगाने दाबली तरी एक्स्चेंजला फरक कळत नाही. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने ही विद्या आत्मसात करून कुलूपबंद फोनवरून क्रिकेटचा स्कोअर विचारला होता. तो पुढे इंजिनिअर झाला.

झाकणाच्या आतले कुणाचे, हा प्रश्न केवळ आपल्या सरकारी कारभाराचा होता असे समजू नये. अमेरिकेत सरकार नव्हते, कंपनी होती, पण हट्ट तोच. तिथे एक साधी वस्तू निघाली, बोलण्याच्या तोंडावर बसवायचा एक पेला. त्यात तोंड घालून बोलले की खोलीतल्या इतरांना ऐकू जात नसे. तिचे नाव हश-अ-फोन. कंपनीने त्यालाही हरकत घेतली, का तर आमच्या यंत्राला परकी वस्तू लावलेली चालणार नाही. तारेला स्पर्श नाही, विजेचा संबंध नाही, नुसता पेला! सरकारी आयोगानेही कंपनीची बाजू घेतली. शेवटी वरच्या न्यायालयाने पेलेवाल्याच्या बाजूने कौल दिला, १९५६ साली. योगायोग असा की आपल्याकडे रेघा ओढल्या गेल्या त्याच वर्षी. त्यानंतर टेक्ससच्या कार्टर नावाच्या गृहस्थाने रेडिओ आणि टेलिफोन यांची गाठ घालून देणारे यंत्र काढले आणि १९६८ साली आयोगाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. कंपनीच्या तारेला दुसऱ्याची वस्तू जोडता येईल, तारेला अपाय झाला नाही म्हणजे झाले. मग प्रश्न उरला, जोडायची कशी? दर वेळी लाइनमन बोलावायचा का? त्यातून १९७० नंतरच्या दशकात ती पारदर्शक प्लॅस्टिकची, टिचकी मारून बसणारी लहानशी पिन आली, जिला आपण सगळे आरजे-११ म्हणतो. यातले आरजे म्हणजे ‘नोंदणी झालेला जॅक’. ब्रिटनमध्ये पोस्ट खात्याचा फोन भिंतीला कायमचा जखडलेला असे. तिथे पिन आणि सॉकेट आले १९८१ साली.

आपल्याकडे हे वारे १९८४ मध्ये शिरले. फोनची यंत्रे बनवायला खासगी कारखान्यांना मोकळीक मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत बटणांचे, हलके, रंगीत फोन दुकानात दिसू लागले. काळा फोन उचलायला दोन हात लागत. हे फोन मांजरीच्या शेपटीने खाली पडत. पण गिऱ्हाईक खूश, कारण यंत्र आता आपले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सी-डॉट ही संस्था निघाली. छत्तीस महिने आणि ३६ कोटी रुपये, एवढ्यात भारतीय एक्स्चेंज तयार करायचे असा सॅम पित्रोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पण होता. परदेशी एक्स्चेंजांना थंड, धूळविरहित खोली लागे. आपल्या तालुक्यांत ती कुठून आणायची? म्हणून उन्हात-धुळीत, वातानुकूलनाशिवाय चालणारे १२८ पोर्टांचे खेड्यासाठीचे एक्स्चेंज त्यांनी केले आणि ते पहिल्यांदा १९८६ साली बसवले कित्तूरला. होय, आपल्याच जिल्ह्यातले कित्तूर, धारवाडच्या वाटेवरचे, राणी चन्नम्मांचे. आपल्याकडची मुले सहलीला जाऊन किल्ला पाहून येतात, आणि तेच पाहण्यासारखे आहे हे खरेच. पण देशभरच्या खेड्यांत पुढे हजारोंनी बसलेल्या एक्स्चेंजांपैकी पहिले इथे बसले, हे त्यांना कुणी सांगत नाही. मलाही फार उशिरा कळले.

सरळ दुसऱ्या गावचा नंबर फिरवण्याची सोय देशात आधी १९६० साली लखनौ-कानपूर मार्गावर आली. ती आपल्याकडे पसरली तेव्हा गावांना आकडे मिळाले. आकड्यांनी भाषेची रेघ मानली, पण पुरती नाही. महाराष्ट्राचे बरेचसे आकडे शून्य-दोनने सुरू होतात, कोल्हापूरचा ०२३१. बेळगावचा ०८३१, खानापूरचा ०८३३६, निपाणीचा ०८३३८. आणि गोवा? गोवा टेलिफोनच्या कारभारात महाराष्ट्राला जोडलेला आहे, पण त्याचा आकडा ०८३२, बेळगावच्या पाठोपाठचा. हुबळी-धारवाड ०८३६. घाटाखालून घाटावर भाजी, मासळी, मुली आणि जावई ज्या वाटेने ये-जा करतात, ती वाट या आकड्यांत बरोबर उतरली आहे. रात्री उशिरा पाव दर लागे, म्हणून पुण्या-मुंबईकडच्या मुलांशी बोलायला आईबाप डोळे ताणून जागे राहत. पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर रात्री दहानंतर जी रांग लागे तिच्यात मी माझ्या हेडमास्तरांना लुंगीवर पाहिले आहे.

१९९१ च्या सुमारास सगळ्या देशात मिळून जेमतेम ५० लाख जोडण्या होत्या, म्हणजे शंभर माणसांमागे एक फोनसुद्धा नाही. २००६ पर्यंत त्या पाच कोटींच्या घरात गेल्या आणि तिथून उतरणीला लागल्या, कारण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीला पहिला मोबाइल कॉल झाला होता आणि आता तो फोन खिशात आला होता. दरम्यान आमच्या डबीला आणखी एक आयुष्य मिळाले. १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट जनतेला खुले झाले आणि मोडेमची पिन याच तारेत अडकवायची पद्धत आली. मुलगा नेटवर बसला की फोन एंगेज. २००५ नंतर ब्रॉडबँड आले, मग एक छोटी डबी मध्ये लावून बोलणे आणि संगणक दोन्ही एकदम चालू लागले. बोलण्यासाठी म्हणून ओढलेल्या दोन तारांनी हेही सोसले. फक्त ती जुनी गादीखालची चोरटी जोडणी तेवढी काढावी लागली, कारण तिच्यामुळे वेग पडे. बसवायला आलेला तरुण मुलगा म्हणाला, “आतली वायरिंग तुमची तुम्ही बघा, अंकल. आमचं फक्त बाहेरपर्यंत.”

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. ‘झाकण उघडायचं नाही’ इथपासून ‘तुमचं तुम्ही बघा’ इथपर्यंत यायला आपल्याला सोळा-सतरा वर्षे लागली. न मागता, न भांडता, कुणी जाहीर न करता भिंतीवरची ती रेघ सरकली होती. तार आमची झाली. आणि आमची झाल्याबरोबर तिच्यासाठी कमरेला पट्टा लावून सायकलीवरून येणारा माणूसही गेला. मालकी मिळाल्याचा मला आनंद झाला असे मी म्हणणार नाही. वडिलांना झाला असता.

आता आमच्याकडे काचेची तार आली आहे, केसाएवढी. ती मात्र दुसऱ्याच भिंतीतून येते आणि तिच्या टोकाला एक पांढरे यंत्र लुकलुकत बसलेले असते. काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. म्हणून ते यंत्र आपल्या घरच्या प्लगवर चालते. परवा श्रावणात वाऱ्याने लाइट गेली, यंत्र विझले, त्याबरोबर फोनही विझला. मोबाइलची बॅटरी सकाळीच उतरली होती. डॉक्टरांना फोन करायचा होता, तातडीचे होते असे नाही, पण करायचा होता. अंधारात चाचपडत मी सवयीने खिडकीपाशी गेलो आणि हात डबीला लागला तेव्हा भानावर आलो.

तर रंगाऱ्याला ‘ब्याडा’ म्हणून झाले आणि मग मीच त्याच्याकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा झाकण उघडले. आत दोन स्क्रू, तांब्यावर हिरवा थर, तारेची टोके घड्याळाच्या काट्याच्या दिशेने नीट गुंडाळलेली. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने दोन आकडे लिहिले होते, खांबावरच्या डबीचा आणि आमच्या जोडीचा, खाली ‘८९’. अक्षर स्वच्छ होते. रंगाऱ्याने ते वाकून पाहिले, “बरोबर लिहून ठेवलंय की” म्हणाला, झाकण माझ्या हातातून घेऊन परत बसवले, डबीच्या चारी कडांना वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.